सागाची फळी: ओळखण्यापासून पॉलिशपर्यंत

फर्निचरसाठी पहिल्यांदाच सागवान घ्यायला निघालात की वखारीत नावांची रांग कानावर पडते: बर्मा, सीपी (म्हणजे जुना मध्य प्रांत), घाना, आफ्रिकन. या नावांच्या भरवशावर घेतलेली फळी कधी अस्सल साग निघते, तर कधी सागासारखी दिसणारी वेगळीच जात. रंग पॉलिशने बदलता येतो, वास काळाने उडतो, आणि नाव तर तोंडीच असतं. पण फळीच्या टोकाला, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं, तिथली छिद्रांची मांडणी कुणालाही बदलता येत नाही. नवशिक्याने आधी ती वाचायला शिकावं. रंधा आणि पटाशी त्यानंतर.

झाड आणि त्याचं लाकूड

साग, म्हणजे टेक्टोना ग्रँडिस, मूळचा भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओसचा. केरळमधल्या निलांबूरला १८४० च्या दशकात त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली. पुढे तो आफ्रिकेत आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतही लावला गेला. त्यामुळे घानाहून आलेला ओंडका खरोखर सागाचाच असू शकतो. वय कमी, एवढाच फरक. याउलट ‘आफ्रिकन टीक’ या नावाखाली इरोको किंवा आफ्रोर्मोसिया या अगदी वेगळ्या जातीही विकल्या जातात. ‘बर्मा’च्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात असू द्या: म्यानमारने एप्रिल २०१४ पासून न चिरलेल्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. ताजा गोल ओंडका दाखवून कुणी ते नाव घेतलं, तर कागदपत्रं मागायला संकोचू नका.

सागाला एवढा मान का, हे कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतात. त्याच्या नारेत, म्हणजे आतल्या पक्क्या गडद भागात, तेलकट द्रव्यं असतात. थोडा रबरासारखा पदार्थ असतो, आणि टेक्टोक्विनोन नावाचं वाळवीला न मानवणारं रसायनही असतं. म्हणून नार वाळवीला आणि कुजण्याला दाद देत नाही. मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागातून बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं, आणि ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या बंदरात तरंगतं आहे. दुसरा गुण फर्निचरसाठी जास्त मोलाचा: साग हवामानाप्रमाणे फार कमी फुगतो आणि आकसतो. मात्र हीच तेलं गोंदाला आणि पॉलिशला नडतात, आणि लाकडातली सिलिका, म्हणजे वाळूसारखं कठीण द्रव्य, धार खाते. सागाचं काम शिकायचं म्हणजे बरंचसं या दोन गोष्टी सांभाळायला शिकायचं.

टोक वाचायला शिका

सामान थोडंच लागतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, नवं ब्लेड किंवा लखलखीत धारेची पटाशी, आणि थोडं पाणी. करवतीने कापलेलं टोक खरखरीत असतं, त्यात काही दिसत नाही. टोकावर पाण्याचा एक थेंब लावा आणि साधारण नखाएवढी जागा एका दमात, पातळ काप काढून, गुळगुळीत करा. ब्लेड पुढेमागे घासू नका; छिद्रं चेंगरतात. पुन्हा किंचित ओलं करा आणि उजेडाकडे तोंड करून भिंग डोळ्याजवळ आणा. भिंग लाकडापासून लांब धरून बघायची सवय लागते, ती पहिल्या दिवसापासून मोडा. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि लाकूड पुढे आणायचं.

सागात आधी दिसतील ती वार्षिक वलयं. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ असते. ही छिद्रं साध्या डोळ्यांनाही दिसतात. या ओळीला फिकट रंगाच्या मऊ पेशींचा पातळ पट्टा बिलगलेला असतो. तिथून बाहेरच्या दिशेने छिद्रं झपाट्याने लहान आणि विरळ होत जातात. ती एकेकटी किंवा दोन-तीनच्या जोडीने असतात. मग पुन्हा मोठ्या छिद्रांची ओळ, म्हणजे पुढचं वर्ष. काही छिद्रांत पांढरा किंवा पिवळसर भुकटीसारखा ऐवज भरलेला दिसतो, काहींत चमकणारे पातळ पडदे. वलयांना काटकोनात छेदून जाणाऱ्या फिकट बारीक रेषाही दिसतात, त्या किरणपेशींच्या. मोठ्या छिद्रांची ओळ, तिला चिकटलेला फिकट पट्टा आणि छिद्रांतला पिवळसर ऐवज या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर तुम्ही सागापाशी आहात असं मानायला हरकत नाही.

आता सागाच्या नावावर खपणाऱ्या जाती. इरोकोचं टोक बघाल तर वलयं जवळपास नसतातच. सारख्या आकाराची छिद्रं सगळीकडे विखुरलेली, आणि प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना फिकट पंख पसरलेले. इरोकोचं वजन आणि रंग सागाच्या इतके जवळ जातात की टोक न बघता फरक सांगणं अवघड आहे. या लाकडात कधी कधी चुन्याचे दगडासारखे कठीण खडे सापडतात, ते करवतीचे दात उडवतात. ऐनातही छिद्रं विखुरलेलीच. प्रत्येकाभोवती फिकट कडं असतं, आणि लाकूड सागापेक्षा बरंच गडद व जड. हेदू पिवळा, छिद्रं इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. शिवण फिकट आणि हलकी.

बिबला या आणखी एका लाकडासाठी एक सुंदर चाचणी आहे. रंध्याची सालपटं काचेच्या पेल्यातल्या पाण्यात तासभर टाका आणि मागे काळा कागद धरून पेला उन्हात बघा. बिबला असेल तर पाण्यात निळसर झळाळी दिसते. सागाच्या पाण्यात ती दिसत नाही.

रंग, वास, स्पर्श, वजन

या खुणा टोकाच्या साक्षीला जोड म्हणून वापरा, एकट्या नव्हे. ताज्या रंध्याखालचा साग पाहून नवखे घाबरतात, कारण तो बऱ्याचदा हिरवट आणि डागाळलेला निघतो. हे अगदी स्वाभाविक आहे. काही दिवस उजेड लागला की तो रंग एकसारखा सोनेरी तपकिरी होतो. ताज्या कापाला जुन्या चामड्यासारखा वास येतो, आणि बोट फिरवलं तर मेणासारखा किंचित चिकट तेलकटपणा जाणवतो. पृष्ठभाग जुना असेल तर आधी एक पातळ थर काढा, मग हुंगा.

वजनाची खूण मात्र आकड्यात पकडता येते. वाळलेल्या सागाची घनता घनमीटरला साधारण ६३० ते ६८० किलो असते. ३० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि अडीच जाड तुकडा म्हणजे ७५० घनसेंटिमीटर; तो वाळलेला असेल तर वजन ४७० ते ५१० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. एवढाच ऐनाचा तुकडा सव्वासहाशे ग्रॅमच्या वर जातो. तुकडा ओला असेल तर हा हिशेब लागू पडत नाही.

तयार, पॉलिश केलेलं फर्निचर पारखायचं असेल तर दर्शनी बाजू सोडून द्या. खण बाहेर काढा आणि त्याच्या मागच्या कडा, पायांचे तळ, फळ्यांच्या खालच्या बाजू बघा. वरच्या पृष्ठावरची रेघ कडेवरून खाली वळून टोकापर्यंत सलग जाते का, हे तपासा. रेघ कडेपाशी एकदम तुटत असेल, तर वर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा आहे आणि आत दुसरंच काही.

फळी निवडताना

सर्वांत आधी पांढरी शोधा. झाडाच्या बाहेरच्या बाजूचा हा फिकट भाग नारेइतका टिकाऊ नसतो. वाळवी आणि भुंगेरे तिथूनच सुरुवात करतात. कमी वयाच्या लागवडीच्या सागात पांढरीचं प्रमाण जास्त असतं. कपाटाच्या आतल्या पट्टीला थोडी पांढरी चालून जाईल, पण पायाला किंवा ओल लागेल अशा जागी अजिबात नको. वलयं रुंद आहेत एवढ्यावरून मात्र फळी नाकारू नका. सागात झपाट्याने वाढलेलं लाकूड कमजोरच असतं असं नाही.

दुसरं, झाडाच्या बरोबर मधली मऊ शीर ज्या फळीत आली आहे ती बाजूला ठेवा. तिच्याभोवती तडे जातातच. तिसरं, फळी डोळ्याच्या रेषेत धरून पीळ आणि बाक बघा. थोडा बाक रंध्याने निघतो. पीळ काढताना जाडीच संपते.

चिराईकडेही लक्ष द्या. टोकावर वलयं फळीच्या रुंदीला समांतर झोपलेली असतील, तर पृष्ठावर कमानींची नक्षी उठते. ती उभी असतील, तर सरळ रेघा मिळतात. दिसण्याची आवड ज्याची त्याची, पण हालचालीत फरक आहे. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत साग वलयांच्या दिशेने साधारण साडेपाच टक्के आकसतो, आणि त्यांना आडव्या दिशेने जेमतेम अडीच टक्के. २० सेंटिमीटर रुंदीची कमानीची फळी १८ टक्के ओलाव्यावरून १० टक्क्यांवर आली तर सुमारे ३ मिलिमीटर आकसेल. सरळ रेघांची तेवढीच फळी दीड मिलिमीटरच्या आसपास. दरवाजाच्या चौकटीला आणि खणाच्या बाजूंना मी नेहमी सरळ रेघांचंच लाकूड सुचवेन.

मोजमाप स्वतः करा. कापीव लाकडासाठी लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा, घनफूट मिळतात. ६ फूट लांब, ८ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे बरोबर अर्धा घनफूट. गोल ओंडक्याला जुनी रीत अशी: घेराचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. ४ फूट घेर आणि ८ फूट लांबी असेल तर ८ घनफूट येतात. प्रत्यक्ष आकारमान दहाच्या थोडं वर असतं, पण साल आणि चिराईतली घट या रीतीत धरलेली असते. म्हणून ओंडक्याचा दर आणि कापीव मालाचा दर यांची सरळ तुलना करू नका.

कागदपत्रांचंही इथेच उरकून घ्या. महाराष्ट्रात सागाची तोड १९६४ च्या झाडे तोडण्याच्या विनियमन कायद्याखाली येते. खासगी जमिनीवरचं झाड असलं तरी परवानगी आणि वाहतूक परवाना बघूनच ओंडका घ्या, आणि वखारीतून घेतलात तर पक्की पावती घ्या.

वाळवण

साग सावकाश वाळतो, पण वाळताना फारसा बिघडत नाही. घाई न करणं एवढंच आपलं काम. घरातल्या फर्निचरसाठी लाकडात ८ ते १२ टक्के ओलावा चालतो. दमट हवेत वरचा आकडा, कोरड्या हवेत खालचा. ओलावामापक यंत्र असेल तर फळीचं टोक सोडून मधल्या भागात मोजा, कारण टोकं आधी वाळतात आणि फसवतात. यंत्र नसेल तर फळीच्या मधला एक लहान काप वजन करून १०३ अंश सेल्सिअसवर ओव्हनमध्ये ठेवा. वजन घटायचं थांबलं की पुन्हा वजन घ्या. दोन वजनांतल्या फरकाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणलं की ओलाव्याची टक्केवारी मिळते.

विकत आणलेल्या कोरड्या फळ्याही लगेच कापू नका. ज्या खोलीत काम करणार तिथे, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, दोन-तीन आठवडे रचून ठेवा. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर फळ्या त्याच आकारात वाकतात.

कापणं आणि रंधणं

सागाची रेघ बहुतेक सरळ असते आणि तो पटाशीला गोडीने देतो. अडचण धारेची. सिलिकेमुळे साध्या पोलादाची धार नवशिक्याला वाटतं त्याहून किती तरी आधी जाते. यंत्राच्या करवतीला आणि राऊटरच्या बिटला टंगस्टन कार्बाइडचे दात असलेले बरे. हातरंध्याच्या पात्याला साधारण ३० अंशांची धार लावा. फार निमुळती धार लवकर तुटते. धार लावायचा दगड कामाच्या टेबलावरच असू द्या. सालपटं अखंड निघायची थांबली, भुगा व्हायला लागला किंवा रंधा दाबावा लागला, की थांबून धार करा. बोथट पातं दाबून चालवलं तर पृष्ठ तापतं आणि चेंगरतं. मग तिथे ना गोंद नीट धरतो ना पॉलिश.

भुश्याबद्दल गंभीर असा. सागाचा बारीक भुसा नाक, घसा आणि त्वचेला त्रास देतो, आणि काहींना अंगावर पुरळ उठतं. घासकामाला चांगला मास्क आणि हवेशीर जागा हवी. काम संपताच हात-मान धुवा. खाज येऊ लागली तर ती अंगवळणी पडेल अशी वाट बघू नका. संपर्क वाढत गेला की त्रासही वाढू शकतो.

सांधे आणि गोंद

सागाचे जोड उघडले तर बहुधा दोष सागाचा नसतो, कालच्या रंध्याचा असतो. लाकूड कापल्यावर आतली तेलं हळूहळू पृष्ठावर येतात आणि गोंद लाकडाऐवजी तेलाला चिकटतो. त्यामुळे क्रम असा ठेवा. आधी सगळे सांधे कोरडेच जुळवून बघा, क्लॅम्प लावून, काटकोन तपासून. मग ज्या पृष्ठांना गोंद लागणार ती शेवटची एकदा रंध्याने किंवा पटाशीने हलकेच ताजी करा. स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन ती पुसा. फडकं पिवळं-तपकिरी होईल; नवी बाजू घेऊन रंग येणं कमी होईपर्यंत पुसत राहा. ॲसिटोन काही मिनिटांत उडून जाईल, आणि लगेच, शक्य तर तासाभरातच, गोंद लावा. या वेळी खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास कुठलीही ज्योत नको.

घरातल्या वस्तूंना चांगल्या प्रतीचा पांढरा गोंद पुरतो. ओल लागणार असेल तर इपॉक्सी घ्या. क्लॅम्प घट्ट असावा, पण सगळा गोंद बाहेर पिळून काढण्याइतका नव्हे. जोडाच्या कडेने बारीक थेंबांची सलग माळ उठली की पुरे.

खऱ्या वस्तूआधी तुकड्यांवर परीक्षा घ्याच. दोन तुकडे याच पद्धतीने जोडा, दुसऱ्या दिवशी जोडावर पटाशी ठेवून हातोडी मारा. लाकडाचे तंतू फाटले तर पद्धत बरोबर आहे. गोंदाची स्वच्छ चकाकती पट्टी उघडी पडली तर पृष्ठ तेलकट राहिलं होतं. एवढ्याशा परीक्षेने टेबलाचा पाय वाचतो, आणि ती टाळावी असं कुठलंच कारण मला दिसत नाही.

गोंदावर भार कमी, सांध्यावर जास्त, असं काम आखा. खाच आणि कुसवाचा सांधा, म्हणजे एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, नीट बसला तर गोंद फक्त सोबतीला असतो. टेबलाचा रुंद माथा चौकटीला जोडताना स्क्रूसाठी गोल भोक न पाडता लांबट खाच ठेवा, म्हणजे वर हिशेब केलेल्या त्या ३ मिलिमीटरांना सरकायला वाव मिळतो. स्क्रूआधी ड्रिलने भोक पाडा; विशेषतः टोकाजवळ साग चिरतो. बाहेरच्या कामाला पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा.

घासकाम आणि पॉलिश

१२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करून १८० आणि मग २२० वर थांबा. रेघेच्या दिशेनेच घासा. फार बारीक कागदाने पृष्ठ काचेसारखं केलं तर पॉलिशला पकड मिळत नाही. यानंतर वस्तू काही दिवस उजेडात राहू द्या, म्हणजे हिरवट डाग जाऊन रंग एकसारखा होईल. या काळात तिच्यावर काही ठेवू नका. झाकलेल्या जागेचा वेगळा ठसा उठतो.

तेलावर आधारलेलं व्हार्निश सरळ कच्च्या सागावर लावलं तर कधी कधी दिवसेंदिवस चिकट राहतं, कारण लाकडातली द्रव्यं त्याला वाळू देत नाहीत. उपाय सोपा आहे. पृष्ठ थिनरने पुसून त्यावर मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या. तो वाळला की हलकं घासून वर व्हार्निश, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), जे हवं ते लावा. नुसतं लाखेचं पॉलिश हवं असेल तर ही अडचण येतच नाही, आणि माझ्या मते घरातल्या सागावर त्याच्याइतकं खुलून दिसणारं दुसरं काही नाही. मात्र ते गरम भांड्याला आणि सांडलेल्या पाण्याला टिकत नाही, त्यामुळे जेवणाच्या टेबलाला पीयू बरं. आरशासारखा माथा हवा असेल तर सागाची मोठी छिद्रं आधी फिलरने भरावी लागतात.

बाहेर ठेवायच्या बाकाला काहीही न लावणं हाही चांगला पर्याय आहे. साग राखाडी रुपेरी होतो, पण नारेचं लाकूड लवकर कुजत नाही. सोनेरी रंग टिकवायचा असेल तर दर काही महिन्यांनी तेल द्यावं लागेल. बाजारात ‘टीक ऑइल’ म्हणून मिळतं ते सागातून काढलेलं तेल नसतं. बहुतेक वेळा ते जवसाच्या किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांच्या तेलाचं आणि व्हार्निशचं मिश्रण असतं. ते लावून दहा-पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं कोरड्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर वर चिकट थर राहतो. ती तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका: जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गुंडाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. फडकी उघड्यावर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.